मिरकरवाड्यात गॅस बदलताना

सकाळी ७. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. मिरकरवाड्यातले मालक कोल्ड रूम आमच्या ताब्यात द्यायला तयार होतात ते याच दोन महिन्यांत. एरवी रूम कोळंबी-सुरमईने भरलेली असते आणि यंत्र तासभर बंद ठेवू म्हटलं तरी तोंड वाकडं होतं. आता रूम रिकामी आहे, पण बाहेर रत्नागिरीचा पाऊस कोसळतोय आणि आज ज्या तेलाशी गाठ आहे त्याला दमट हवा अजिबात सोसत नाही. सवड मिळते ती नेमकी कामाला सगळ्यात वाईट अशा ऋतूत. त्याला इलाज नाही.

वजा अठराच्या रूमचं १० एचपीचं युनिट आर-२२ वरून आर-४४८ए वर न्यायचं आहे. लोकांना वाटतं जुना गॅस काढला, नवा भरला, झालं. खरी मेहनत असते तेलाची आणि पाण्याची. जुन्या युनिटमध्ये मिनरल तेल असतं. आर-२२ त्यात मिसळतो आणि पाइपभर फिरवून ते कॉम्प्रेसरमध्ये परत आणतो. नव्या गॅसचं त्या तेलाशी जमत नाही. कॉम्प्रेसरमधून गेलेलं तेल कॉइलमध्येच बसून राहतं आणि इकडे बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून पीओई तेल घालायचं.

साडेसात. यंत्र चालू असतानाच आकडे वहीत उतरवतो. सक्शन १४ पीएसआय, हेड २०८, तिन्ही फेजचे अँपिअर, आणि सुपरहीट, म्हणजे उकळून झाल्यावर वाफ आणखी किती अंश तापते ते. सकाळचे आकडे नसतील तर संध्याकाळचे कशाशी ताडून बघणार?

मग तेलाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर. आधीच्या दिवसांत जुन्या गॅसवरच यंत्र चालवत तेल बदलत आणलंय. आर-२२ दोन्ही तेलांशी जुळवून घेतो, त्यामुळे पाइपांतलं मिनरल तेल खेचून आणायचं काम जाता जाता त्याच्याकडूनच करून घ्यायचं. आज मिनरलचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आहे. पुढे जायला हरकत नाही.

साडेआठ. मालक छत्री झटकत आत येतात.

"फोर-ओ-फोर का नाही टाकत? तो कुठल्याही दुकानात मिळतो."

"शेट, एक किलो बावीस हवेत गेला तर १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. तुमचा फोर-ओ-फोर ३,९२२. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण उष्णतेच्या हिशेबात आगीतून फुफाट्यात. हा नवा साधारण १,४०० चा."

"आणि बावीसच राहू दिला तर?"

तर २०३० नंतर दुरुस्तीपुरता किंचित मिळेल आणि २०४० नंतर तोही नाही. मालक हिशेबी आहेत, पुढे विचारत नाहीत. फक्त एवढंच म्हणतात, "नारळी पौर्णिमेच्या आत रूम गार पायजे हां." कुणीतरी त्यांना स्वस्तातला प्रोपेनही सुचवला होता. ठिणगी उडणारे कॉन्टॅक्टर बसवलेल्या खोलीत ज्वालाग्राही गॅस सुचवणाऱ्याला मी हात जोडतो.

नऊ. रिकव्हरी मशिन लावलं. आधी लिक्विड, मग उरलेली वाफ, सिलिंडर काट्यावर आणि भरणा ८० टक्क्यांपर्यंतच. प्लेटवर २४ किलो लिहिलंय, निघाला २० किलो. बाकीचा खाऱ्या हवेने खाल्लेल्या सांध्यांतून केव्हाच पळालाय. व्हॉल्व्ह उघडून गॅस सरळ सोडून देणारे मेकॅनिक अजून आहेत. मला ते पटत नाही, आणि मालकांनाही परवडणारं नाही: हाच गॅस साफ करून त्यांच्या बर्फाच्या जुन्या युनिटला चालेल.

अकरा. पाइपातली ओल शोषणारा जुना ड्रायर कापला. नवा ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन हळूहळू सोडत राहायचा, नाहीतर तांब्यावर आत काळी खपली धरते. पीओई कसलंही जुनं किटण सोडवून आणतं, ही खपलीही आणेल आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी नेऊन घालेल. सोलेनॉइडचं गॅस्केट, सर्व्हिस व्हॉल्व्हचे कोअर, रिसीव्हरची सील सगळी नवी. जुनं रबर इतकी वर्षं आर-२२ आणि मिनरल तेलात फुगून घट्ट बसलेलं असतं. गॅस बदलला की ते आक्रसतं आणि महिन्याभरात गळती सुरू होते.

मग तेल. पीओईचा डबा पत्र्याचा असतो, कारण प्लॅस्टिकमधूनसुद्धा ओल आत शिरते. पंप, नळी, सगळं तयार झाल्यावरच हाताखालच्या पोराला डबा फोडायला सांगतो. तेल आत, व्हॉल्व्ह बंद. तळाशी थोडं उरलं तर पोरगा बूच शोधायला लागतो. "ठेवू नको रे, उद्या ते तेल नसेल, पाणी असेल."

साडेबारा. नायट्रोजन २५० पीएसआयला, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस. एका फ्लेअर नटाशी बारीक बुडबुडा उठला. नट आवळला. जेवण होईपर्यंत काटा हलला नाही.

दोन. आता व्हॅक्यूम, आणि दिवसाचा खरा कस इथेच. २७ अंशांच्या हवेत दाब साधारण २७,००० मायक्रॉनच्या खाली गेला की पाइपातलं पाणी उकळू लागतं. आपल्याला जायचंय ५०० पर्यंत. आकडा २,००० पर्यंत झरझर उतरतो आणि मग अडून बसतो. पंपाच्या काचेतलं तेल दुधी झालंय, म्हणजे ओल निघतेय. पंपाचं तेल बदललं, पुन्हा चालू. साडेतीनला लाइट जाते. पोरगा धावत जाऊन आधी व्हॉल्व्ह बंद करतो, मगच जनरेटरकडे वळतो. शिकलाय. थांबलेल्या पंपातून तेल आणि बाहेरची हवा उलटी आत ओढली गेली असती.

मध्ये एकदा कोरडा नायट्रोजन भरून व्हॅक्यूम तोडला आणि पुन्हा ओढला. पावणेसहाला ४६०. पंप वेगळा करून नुसतं बघत बसायचं. आकडा चढतच राहिला तर गळती, चढून एका जागी थांबला तर ओल. ५२० वर थांबला. एवढ्यावर मी समाधानी आहे. मालक तिसऱ्यांदा डोकावून "अजून काय चाल्लंय?" विचारतात. बाहेरून बघणाऱ्याला यात काम दिसत नाही, हे खरंय.

सहा. गॅस भरायला जेमतेम वीस मिनिटं. आर-४४८ए म्हणजे पाच गॅसचं मिश्रण. वाफ म्हणून काढला तर हलके घटक आधी निघून जातात आणि प्रमाण बिघडतं, म्हणून लिक्विडच भरायचा. सुरुवात २१ किलोवर, मग काच बघत थोडा थोडा. सुपरहीट मोजताना तक्त्यातला ड्यू पॉइंटचा रकाना धरायचा. या मिश्रणाचं उकळणं सुरू होतं एका तापमानाला आणि संपतं ५-६ अंश वर. चुकीचा रकाना धरलात तर व्हॉल्व्ह उगाच फिरवत बसाल. सुपरहीट ७ वर आणली. हेड सकाळपेक्षा चढं आहे, ते अपेक्षितच. अँपिअर प्लेटच्या आत.

साडेआठ. रूम वजा सहा आणि उतरतेय. तेल काचेच्या निम्म्यावर. युनिटवरचं जुनं आर-२२ खरवडून काढतो आणि रंगाने नवा गॅस, तेलाचं नाव, किलो आणि तारीख लिहितो, नाहीतर पुढचा मेकॅनिक सवयीने बावीस ढकलेल. मालकांना सांगितलं: सकाळी तेलाची काच बघून फोन करा, आणि आठवड्याने ड्रायर पुन्हा बदलायला येतोय, त्याचे पैसे बिलात धरलेत.