‘वन्समोअर’ म्हणजे चूक नव्हे

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील एक प्रसंग पालकांच्या लक्षात असेल. ‘संगीत सौभद्र’ या नाटकातील एक छोटा प्रवेश सातवीच्या मुलींनी सादर केला. नारदाचे काम करणाऱ्या मुलीने पद चांगले म्हटले. ते संपले तोच पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “वन्समोअर!” पाठोपाठ आणखी दोघा-तिघांनी तीच हाक दिली. मुलगी जागच्या जागी थबकली. साथ पेन ड्राइव्हवर होती, ती कोणासाठी थांबणार? पुढचे संगीत सुरू झाले आणि आमचे नारदमुनी वीणा तिथेच टाकून विंगेत पळाले. आपल्या हातून काहीतरी मोठी चूक झाली, पाहुणे रागावले, असे तिला वाटले. ती बराच वेळ रडत होती.

ज्या आजोबांनी पहिली हाक दिली ते स्वतः पडद्यामागे आले. “मी तं वन्समोअर देल्ला, पोरगी रडायले काऊन लागली?” असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांनाही वाईट वाटले होते.

चूक मुलीची नव्हती आणि आजोबांचीही नव्हती. आम्ही शिक्षकांनी मुलींना पद शिकवले, पण पद ऐकणारी माणसे काय बोलतात आणि का बोलतात, हे सांगायचे राहून गेले. संगीत नाटकाच्या रसिकांची एक बोली आहे. ती अजून आपल्या गावांतील ओट्यांवर, लग्नाच्या मांडवात, पांढुर्णा-सौंसरच्या बसमध्ये ऐकू येते. मुलांना ती परकी वाटू नये, म्हणून या अंकात ती थोडी उलगडून सांगत आहोत.

आधी त्या हाकेविषयी. शब्द इंग्रजी आहे, पण शंभरहून अधिक वर्षे तो आपल्या नाटकगृहांत इतका रुळला आहे की मराठीच झाला. वन्समोअर ‘देतात’, ‘मिळतो’, नटाने तो ‘घ्यायचा’ असतो. हाक आली की नट ऑर्गनवाल्याकडे पाहतो, ऑर्गनवाला पदाच्या ध्रुवपदावर परत येतो, तबलजी सम धरतो आणि पद पुन्हा सुरू होते. पण आता खरी गोष्ट ऐका. दुसऱ्यांदा तेच पद हुबेहूब तसेच म्हटले, तर जाणकार नाराज होतात. एखादी ओळ वेगळ्या तऱ्हेने वळवावी, एखाद्या अक्षरावर नवी ‘जागा’ घ्यावी, आधी सरळ गेलेला सूर या वेळी हळूच वर न्यावा, अशी त्यांची अपेक्षा असते. म्हणजे वन्समोअर हा ‘पुन्हा तेच’ असा हुकूम नाही; ‘यात आणखी काय आहे ते दाखवा’ अशी ती फर्माइश आहे. मुलीला आम्ही एवढे सांगून ठेवले असते, तर ती पळाली नसती. अर्थात पेन ड्राइव्हसमोर तिचाही इलाज चालला नसता, ही गोष्ट वेगळी.

‘जागा’ या शब्दावर विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. गाण्यात जागा म्हणजे बसण्याची जागा नव्हे. सुरांचे छोटेसे, मनात राहून जाणारे वळण म्हणजे जागा. रसिकांच्या गप्पांत हा शब्द सर्वांत जास्त येतो. “पहिल्यांदा त्यानं ती जागा घेतलीच नाही, वन्समोअरला घेतली,” असे कोणी सांगू लागला की समजावे, हा माणूस नाटक पाहून आला आहे, नुसते ऐकीव सांगत नाही.

दुसरा शब्द ‘चाल’. आपल्या वाचनालयात जुन्या संगीत नाटकांची पुस्तके आहेत. त्यांत पदाच्या वर बारीक अक्षरांत ‘चाल’ असे लिहून एखाद्या माहितीच्या गाण्याची ओळ छापलेली असते. विद्यार्थ्यांना ती छपाईची गंमत वाटते. वास्तविक ती गाणाऱ्यासाठी सूचना आहे: हे शब्द त्या गाण्याच्या चालीवर म्हणा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात केला आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. त्यांनी कीर्तनातील साकी, दिंडी, लावणीच्या चाली, कानडी मुलुखातील चाली, असे लोकांच्या कानांत आधीच असलेले धन वापरले. त्यामुळे प्रेक्षक घरी जाताना पदे गुणगुणत जात. (आमच्यातील एका शिक्षकांचा साकी आणि दिंडी यांत अजूनही गोंधळ होतो, हे येथे कबूल करून टाकतो.)

पुढे चाली बदलत गेल्या आणि वादही वाढत गेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नागपुरात जन्मलेले, वऱ्हाडात वकिली केलेले नाटककार. त्यांनी पारशी-उर्दू नाटकांच्या धाटणीच्या चाली आणल्या. काहींना त्या फार आवडल्या, काहींनी नाके मुरडली. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी संगीत दिले, तेव्हा मैफलीतील रागदारी थेट रंगमंचावर आली. पद लांबले. बालगंधर्वांसारखा गायक-नट असला की एकाच पदाला पुन्हा पुन्हा वन्समोअर मिळत आणि नाटक रात्रभर चाले. तेव्हापासूनचा एक वाद आजही आमच्या शिक्षककक्षात चालतो: हे नाटक की गाण्याची बैठक? दुःखाने कोलमडलेली नायिका तीन वेळा तेच पद गाते, मग दुःख राहते कुठे? एक बाजू म्हणते, गोष्ट अडली. दुसरी म्हणते, गोष्ट तर सर्वांना पाठच असते, गाणे ऐकायलाच तर जायचे. आम्हाला दुसरी बाजू जवळची वाटते, पण नाटक बसवायला घेतले की पहिली बाजू पटू लागते.

‘कोण सरस’ हा रसिकांचा आवडता विषय. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे 8 जुलै 1921 चा संयुक्त ‘मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत हा प्रयोग झाला. एरवी दोन वेगळ्या मंडळ्यांचे धनी असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्या रात्री एकत्र उभे राहिले, एक भामिनीच्या वेषात आणि दुसरे धैर्यधराच्या. (पुरुषांनी स्त्रियांची कामे करणे हा त्या काळचा रिवाज होता.) त्या रात्री कोणाचे गाणे वरचढ झाले, याची चर्चा लोकांनी पुढे अनेक वर्षे केली. तीन महिन्यांतच, 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव गेले. त्यामुळे पुन्हा सामना होऊन निकाल लागण्याची सोयच राहिली नाही. आज तो प्रयोग ऐकलेला कोणी नाही, तरी वाद मात्र ताजा आहे. सौंसरच्या एका घरी आजोबा केशवरावांचे आणि नातू बालगंधर्वांचा, अशी वाटणी आम्ही स्वतः पाहिली आहे. नातवाने ‘बालगंधर्व’ हा 2011 चा चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून पक्ष घेतला.

गप्पांत चुकाही शिरतात, त्या ओळखायला शिकले पाहिजे. दोनच सांगतो, कारण दोन्ही आपल्या भागात हमखास ऐकू येतात.

पहिली ‘शारदा’विषयी. गोविंद बल्लाळ देवलांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग 1899 साली आपल्याच आजच्या मध्य प्रदेशात, इंदूरला झाला. पैशाच्या लोभाने लहान मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी लावू पाहणाऱ्या बापाची ही गोष्ट. बालविवाहाला बंदी घालणाऱ्या 1929 च्या कायद्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात आणि तो या शारदेवरूनच पडला, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडांचे आहे. त्यांनी ते विधेयक मांडले होते. तरीही ही चूक का टिकली असावी, याचा विचार करण्यासारखा आहे: तीस वर्षे आधी त्या नाटकाने लोकांची मने हलवली होती, म्हणून नावातील साम्य सर्वांना लगेच पटले.

दुसरी सावनेरची. पांढुर्ण्याहून नागपूरला जा की सौंसरहून जा, दोन्ही रस्ते सावनेरला मिळतात. राम गणेश गडकरी याच सावनेरला 23 जानेवारी 1919 रोजी, वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी वारले. गावातून बस जाऊ लागली की कोणीतरी ही गोष्ट काढतोच आणि मग ‘एकच प्याला’तील पदांविषयी म्हणतो, “काय पदं लिहिली गडकऱ्यांनी!” नाटक गडकऱ्यांचे खरे, पण त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गडकरी गेल्यावर महिनाही झाला नव्हता, तेव्हा 20 फेब्रुवारीला बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. आपले नाटक लेखकाला पाहता आले नाही. पुढच्या वेळी सहलीची बस सावनेरहून जाईल तेव्हा मुलांनी हे एकमेकांना सांगावे.

आपल्या भागाला या गप्पांची एवढी ओढ का, असे एका नव्या पालकांनी विचारले होते. 1956 पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला, छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह वेगळा जिल्हा झाला. पण नाटक पाहायचे तर वाट नागपूरचीच. सीताबर्डीवरील धनवटे रंगमंदिराचे नाव जुन्या मंडळींच्या तोंडी अजून येते. जाणे खर्चाचे आणि परतणे अवघड, म्हणून घरातील एखादाच जाई. तो परत आला की आठवडाभर ओट्यावर त्याचे ऐकणे हाच बाकीच्यांचा प्रयोग. कोणत्या पदाला किती वन्समोअर मिळाले, कुठली जागा कशी घेतली, ऑर्गनवर कोण होते, हे तो सांगे, मध्येच गाऊनही दाखवी. ज्यांनी नाटकगृहाची पायरी चढली नाही, अशा आमच्या आज्यांना पदे पाठ होती ती अशी.

नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली आले, तेव्हा तर अभिमानाला कारणच मिळाले. जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत आपल्या वऱ्हाडात मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे. त्यावरील 2015 च्या चित्रपटाने आमच्या मुलांना ही पदे माहीत झाली. हे चांगलेच झाले. फक्त एक अडचण आहे. मोबाईलवरचे गाणे शंभर वेळा ऐकले तरी शंभर वेळा तेच असते. त्यावर ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ यापलीकडे फारसे बोलता येत नाही. काल काय झाले आणि आज काय झाले, यावर बोलायचे तर गाणारा समोर हवा. पूर्वेकडे झाडीपट्टीत, वडशाच्या बाजूला, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. तिथे मंचाजवळ ऑर्गन आणि तबला असतो आणि दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा रंगते.

यावरूनच यंदाच्या संमेलनाचा प्रश्न विश्वस्तांच्या सभेत निघाला. साथ पेन ड्राइव्हवर फुकट मिळते, मग पेटी आणि तबला कशाला, असे काहींचे म्हणणे होते. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. शाळेच्या पेटीचा भाता फाटला आहे, दोन स्वर बोलत नाहीत, ती दुरुस्तीला नागपूरला पाठवावी लागेल. आम्ही सभेत गेल्या वर्षीचा प्रसंग सांगितला आणि एवढेच म्हटले, की ज्या मुलीला वन्समोअर मिळाला तिला तो घेता आला नाही. बरीच चर्चा झाली. शेवटी पेटीदुरुस्तीला संमती मिळाली. तबला एका पालकांनी आपला देऊ केला आहे.

तेव्हा यंदा ‘सौभद्र’चाच प्रवेश पुन्हा होईल, तीन पदांसह. नारद तीच मुलगी करणार आहे. पहिली हाक देणारे आजोबा दर शनिवारी शाळा सुटल्यावर तालमीला येतात आणि मध्येच मुद्दाम वन्समोअर देतात, म्हणजे मुलींना सवय व्हावी. तिसऱ्या शनिवारी नारदाने दुसऱ्या खेपेस एक जागा स्वतःची घेतली. ती बरोबर होती की नाही, यावर आजोबा आणि पेटीवाले गुरुजी यांचे अजून जमलेले नाही.

ज्यांच्या घरी जुन्या प्रयोगांच्या जाहिराती, तबकड्या किंवा पदांच्या वह्या असतील, त्यांनी त्या प्रदर्शनासाठी कार्यालयात आणून द्याव्यात. पोच दिली जाईल आणि वस्तू संमेलनानंतर परत मिळतील. तालीम ऐकायला कोणीही यावे. संमेलनाच्या दिवशी मात्र एका पदाला दोनच वन्समोअर द्यावेत, ही विनंती. सौंसरकडे जाणाऱ्या पाहुण्यांना शेवटची बस गाठायची असते.