शनवाऱ्याची डीपी

खंडवा आणि बऱ्हाणपूर 2003पर्यंत एकच जिल्हा होते. विजेच्या हिशेबात ते आजही वेगळे काढता येत नाहीत. पुनाशाजवळचे इंदिरासागर 1000 मेगावॉटचे, ओंकारेश्वर 520चे, सिंगाजीचे औष्णिक केंद्र 2520चे. शिवाय ओंकारेश्वरच्या जलाशयावर आता तरंगते सौर पॅनलही पसरले आहेत. एवढी वीज पिकवणाऱ्या निमाडात, बऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्याच्या आतल्या गल्ल्यांत उन्हाळ्यात डीपी (रोहित्र) का बसते? निर्मितीत याचे उत्तर शोधून उपयोग नाही. वीज शेवटच्या दोनशे मीटरमध्ये अडते.

या भागातली वीज आधी कारखान्यासाठी आली, घरासाठी नंतर. पन्नासच्या दशकात नेपानगरच्या कागद गिरणीच्या आसऱ्याने चांदनीचे छोटे औष्णिक केंद्र उभे राहिले. मग मध्य प्रदेश विद्युत मंडळाचा काळ आला. मंडळाची फोड झाली आणि 2005 पासून बऱ्हाणपूर पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आले. कंपनीचे मुख्यालय इंदूरच्या पोलोग्राउंडवर आणि कारभार पंधरा जिल्ह्यांचा. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मंडळ फुटून महावितरण जन्मले. फरक पुढे पडला. भिवंडीच्या यंत्रमागांची वीज 2007मध्ये टोरेंटकडे गेली, मालेगावची 2020मध्ये कोलकात्याच्या सीईएससीकडे. जळगावात क्रॉम्प्टनने चार वर्षांत गाशा गुंडाळला. बऱ्हाणपूरचे यंत्रमाग मात्र सरकारी कंपनीच्याच तारेवर राहिले. खासगीकरणाच्या बाजूने वा विरुद्ध भाषण ठोकणाऱ्यांनी ही चार गावे एकदा शेजारी ठेवून पाहावीत. या गावांना एकच औषध लागू पडलेले नाही.

विक्रीची बाजू केळीच्या मळ्यात जास्त स्पष्ट दिसते. रावेर आणि बऱ्हाणपूर यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे. माती, केळी आणि बोली जवळपास तीच. रावेरच्या शेतकऱ्याला साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल एप्रिल 2024 पासून माफ झाले. बऱ्हाणपूरचा शेतकरी दहा अश्वशक्तीपर्यंत वर्षाला अश्वशक्तीमागे 750 रुपये भरतो, म्हणजे पाचच्या पंपाला 3750. उरलेले पैसे राज्य सरकार कंपनीला देते. नात्यागोत्यातल्या लग्नात या दोन बिलांवरून चेष्टा रंगते, पण खरे गिऱ्हाईक दोन्हीकडे सरकारच आहे. आणि पैसे भोपाळहून किंवा मुंबईहून येणार असतील, तर फिडरवरच्या अधिकाऱ्याला मळ्यातल्या माणसाची मर्जी राखण्याची निकड वाटत नाही. फुकट विजेची मला वाटणारी खरी किंमत ही आहे. तिजोरीचा आकडा त्यानंतर.

आता गाड्या. मध्य प्रदेशाच्या 2025च्या धोरणाने इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर आणि उज्जैन ही पाच आदर्श ई-वाहन शहरे ठरवली. केंद्राच्या ई-बस योजनेत तीन लाखांवरच्या शहरांना जागा मिळाली. 2011च्या जनगणनेत बऱ्हाणपूर शहर दोन लाखांच्या जरासे वर होते. त्यामुळे बस नाही, आदर्शही नाही. तरी शनवाऱ्याच्या चौकात उभे राहिले की विजेवरची वाहतूक समोरूनच जाते. तिचे नाव ई-रिक्षा. तिला कुठल्या धोरणाने आणले नाही. 2015च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने तिला फक्त मान्यता दिली.

या रिक्षेत साधारण बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. रिकामी झाली की रात्रभर चार्जिंग, सहा-सात युनिट. चार्जर सुमारे एक किलोवॉट ओढतो. एका गल्लीत वीस रिक्षा लागल्या की वीस किलोवॉट, म्हणजे शंभर केव्हीएच्या डीपीचा पाचवा हिस्सा. आणि तोही नेमका कूलर चालू असतात तेव्हा. इंदिरासागरच्या टर्बाइनांना याची खबरही नसते. तापते ती गल्लीतली डीपी.

बिलाची गंमत त्याहून वाईट. राज्याच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 150 युनिटांच्या आत वापर असेल तर पहिली 100 युनिटे 100 रुपयांत मिळतात. रिक्षा घरच्या मीटरवर लावली, की रोज सात युनिटे धरून पंचवीस दिवसांत 175 होतात. पंखा, दिवा, टीव्ही बाजूलाच राहिले. म्हणजे गरिबासाठीची सवलत गरिबाच्या रोजगारामुळेच जाते. मग कोणी आकडा टाकतो, कोणी शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढतो, आणि कंपनीच्या कागदावर ही सगळी वीज 'तोटा' म्हणून चढते. ई-वाहन व ई-रिक्षा चार्जिंग केंद्रांसाठी दरपत्रकात एलव्ही-6 हा वेगळा वर्ग आहे. त्यासाठी केंद्र उभे राहायला हवे, आणि जुन्या तटबंदीच्या गावात दहा रिक्षा उभ्या राहतील अशी मोकळी जागा रोज थोडी कमी होते.

2018मध्ये केंद्राने स्पष्ट केले की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. परवाना लागत नाही. ही वाट मोठ्या कंपन्यांनी महामार्गासाठी वापरली. ती चौकासाठी वापरता आली असती. 2023च्या ग्राहक हक्क नियमांनी दिवसाच्या सौर तासांत दर किमान वीस टक्के उतरवण्याची सोय केली, तीही स्मार्ट मीटर बसला की. शनवाऱ्यावर दुपारी एक ते चार उतारू कमी असतात आणि ओंकारेश्वरच्या पाण्यावर ऊन भरात असते. या दोन्ही वेळा जुळतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी तीन तासांत भरत नाही. लिथियमची भरते, आणि ती महाग. म्हणून दुपारचा दर कितीही खाली आला तरी आधी बॅटरीचे कर्ज लागेल, आणि ते कर्ज आज वितरण कंपनीच्या एकाही खात्यात बसत नाही. कंपनी मीटर बसवते, जोडणी देते, डीपी बदलते. बॅटरी बदलून देणारा दुकानदार शहरातल्या लोहारमंडीत असेल, तर कंपनीचा पहिला भागीदार तोच.