रात्र काढायची तर कोणती नाव?

वडील गेल्यापासून भाऊबीजेचे ताट आत्या माझ्यापुढे धरते. गेल्या खेपेला ओवाळणीत काय हवे हे तिने घरूनच ठरवून आणले होते. "मले साडी नोको. एक रात्र गावावर काढाची हाय. पुनवेची."

'गावात' नव्हे, 'गावावर'. शब्द अचूक होता. आत्याचे सासर वैनगंगेच्या काठचे. पवनी तालुक्यात गोसीखुर्दला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले, तेव्हा ती मोहफुले वेचत होती म्हणे. पाणी चढायला पुढे कितीतरी वर्षे गेली. इतकी, की गाव उठणार हे लोक विसरून सुना आणू लागले, घरांना नव्या भिंती घालू लागले. मग एका वर्षी खरेच उठावे लागले. आता पुनर्वसनाच्या वसाहतीत तिचे पक्के घर आहे, नळ आहे, आणि रात्री झोप नाही.

तेव्हा प्रश्न नावेचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, मार्गशीर्षातली थंडी आणि डोळ्यांना न पुरणारे पाणी. घरात लगेच तज्ज्ञ निपजले. पुण्याची भाची म्हणाली, केरळसारखी हाउसबोट बघा. मीही चौकशी केली. केरळातले ते केट्टुवल्लम मुळात भात वाहायचे होडके. फळ्या काथ्याने शिवलेल्या, खिळा नाही. त्यावर खोल्या चढल्या आणि पर्यटक आले. पण मला भावले ते वेगळेच. ती नाव संध्याकाळी काठाला बांधून ठेवतात, कारण रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात. श्रीनगरच्या दल सरोवरातल्या हाउसबोटी तर जागच्या हलतच नाहीत. म्हणजे ज्यांनी पाण्यावर रात्र काढणे हा धंदाच केला आहे, त्यांची नाव रात्री चालत नाही. आम्ही मात्र 'चांदण्यात फेरफटका' अशीच कल्पना करून बसलो होतो.

नावा पाहायला मी आंभोऱ्याला गेलो. जानेवारी २०२४ मध्ये तिथला तारांचा पूल खुला झाल्यापासून कुहीकडून भंडाऱ्याच्या काठावर पाच मिनिटांत जाता येते. पुलावर फोटो काढणाऱ्यांची जत्रा; वर टेकडीवर चैतन्येश्वर शांत. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथे लिहिला असे आम्ही वैदर्भीय सांगतो, अंबेजोगाईकर दुसरे सांगतात. त्या वादात न पडता मी काठाकाठाने फिरलो.

पहिली नाव फायबरची, मागे मोटार. दिसायला देखणी, वेग झकास. मालकाने विचारले, "किती जन?" मी आकडा सांगितला, त्याने भाडे सांगितले. बसायला बाकडी होती, पाठ टेकायला काही नव्हते. शिवाय पंखा पाण्याखाली हातभर उतरलेला. या जलाशयात झाडे न तोडताच बुडालेली आहेत. खोडांची टोके कुठे दिसतात, कुठे नाही. वरून जलपर्णी. ती पंख्याला गुंडाळली की नाव भर पाण्यात उभी, आणि मालक वाकून चाकूने वेल कापतोय. दिवसा हे गमतीचे असते.

दुसरा तराफा, पिंपांवर तरंगणारा. वर छप्पर, रंगीत दिवे, खुर्च्या, भजी तळायची सोय. नागपूरच्या पुतण्याने फोटो पाहताच "हाच!" म्हणून शिक्का मारला. मलाही मोह झाला, खोटे कशाला बोलू! पण पाण्यावर वाऱ्याला अडवायला कोणी नसते, आणि उंच छप्पर म्हणजे न मागता उभारलेले शीड. मालकाने इथेही विचारले, "किती जन?"

सुरक्षा जाकिटे दोन्हीकडे मागितली. एकीकडे होती, पण पेटीला कुलूप आणि किल्ली घरी. जानेवारी २०२४ मध्ये याच वैनगंगेत, खाली गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव उलटून सहाजणी बुडाल्या. त्या चांदणे बघायला निघाल्या नव्हत्या. रोजीसाठी त्यांना जावेच लागणार होते. आम्ही तर हौसेने जाणार. जाकिटे मी नागपूरहून विकत आणली.

तिसरा भेटला तो ढिवर, साठीचा, जाळे विणत बसलेला. त्याची नाव म्हणजे दोन डोंगे शेजारी ठेवून, आडव्या बांबूंनी घट्ट जखडून वर फळ्या टाकलेल्या. एकटा डोंगा गोल बुडाचा. नवख्याने नुसती मान वळवली तरी कलंडतो. दोन जोडले की खाटेसारखे स्थिर होतात. टेकायला पेंढा, वर आडोशाला ताडपत्री, पाहिजे तेव्हा उतरवता येणारी. बूड जेमतेम वीतभर पाण्यात. मोटार नाही.

त्याने माणसे मोजली नाहीत. विचारले, "थांबाचं कुठं हाय?"

मी गावाचे नाव सांगितले. त्याचे हात थांबले. "कोन्या अंगानं? मारुतीच्या, का बोडीच्या?"

त्याच्या नावेवर छप्पर नव्हते, दिवे नव्हते, भजी नव्हती. पण आत्याच्या गावाच्या वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या. पाण्याखाली काय आहे हे ठाऊक असलेला माणूस नावेपेक्षा मोलाचा, हे मला तिथे पटले. सौदा झाला. त्याच्या अटी दोन. दिवस बुडायच्या आत नाव बांधायची, रात्री हलवायची नाही, आणि वारा सुटला तर निमूट परत फिरायचे.

पौर्णिमेला चारच्या सुमारास निघालो. मी, आत्या, तो आणि त्याचा मुलगा. पुतण्या थंडीचे निमित्त काढून काठावर गाडीत राहिला. आत्याला दोघांनी धरून फळीवर बसवले; जाकीट घालताना ती म्हणाली, "हे कोन्या माप्पाचं हाय?" मग तासभर काही बोलली नाही. गावाचे उंचवट्याचे टोक आता बेट झाले आहे. तिथल्या बाभळीला नाव बांधली. पश्चिमेला सूर्य गेला आणि समोरून चंद्र आला, तांबडा, मोठा.

मग सुरू झाले भांडण. आत्या म्हणे विहीर डावीकडे, ढिवर म्हणे सरळ पुढे. "माह्या घरून सत्तर पावलं होती, मी भरली हाय तिचं पानी." "बाई, मी रोज तिच्यावरून जातो, बांबू टाकला की खाली ढळतो." दोघेही हट्टाला पेटले. मुलाने बांबू घेऊन डोंग्याच्या कडेने टोचून पाहिले. एका जागी टक्क वाजले. ती विहीर नव्हती, कोणाचा तरी ओटा होता. कोणाचा, यावर आणखी अर्धा तास गेला.

रात्री पाण्याचा वास आला. आत्याने ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि सोडून दिली. "तुमच्या नागपुराचं पानी हाय हे." खोटे नव्हते. नाग नदी आमच्या शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान इथे येते. मी गप्प बसलो. पितळी लोट्यात तिने घरचे पाणी आणले होते, तेच सगळ्यांना दिले.

दोनच्या सुमारास थोडा वारा उठला. दोन डोंगे एकमेकांना घासून कुरकुरले, पण नाव हलली नाही. आत्या तोवर गाढ झोपली होती, पेंढ्यावर, कांबळ्यात, जाकिटासकट.

पहाटे धुके इतके की स्वतःचे पाय दिसेनात. आठ वाजले तरी ढिवर दोर सोडेना. काठावरून पुतण्या काळजीने गाडीचा हॉर्न वाजवत होता. त्या आवाजाने दिशा कळली, पण निघायला साडेआठ झाले. निघताना आत्याने मला बाजूला सरकवले आणि पुढ्याकडे पाठ करून बसली.