वाफेचे उस्ताद, डिझेलचे उमेदवार

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा वाफेची लोको बांधण्यात आल्को आणि बाल्डविन या कंपन्यांचा अमेरिकेत मोठा दबदबा होता. बाल्डविनने १९५६ साली लोको बांधणे थांबवले, आल्कोने १९६९ साली. वाफ गेली म्हणून त्याही गेल्या, असे सर्रास सांगितले जाते. पण डिझेल लोको दोघींनीही बांधली होती. त्या डिझेल लोकोंचा भरवसा वाटेना, हे खरे दुखणे.

जनरल मोटर्सचे एफटी लोको १९३९ पासून मैदानात होते. युद्धकाळातल्या अहोरात्र मालवाहतुकीत त्याचे ५६७ इंजिन तावूनसुलाखून निघाले. आल्कोला तेवढी उसंत नव्हती. तिचे २४४ इंजिन १९४६ च्या सुमारास घाईनेच बाजारात उतरले. ते बसवलेले २००० अश्वशक्तीचे देखणे पीए लोको रेल्वेप्रेमींना आजही भुरळ घालते. पण टर्बोचार्जर बिघडत, क्रँकशाफ्ट तुटत. वाफेचे लोको कण्हतकुथत का होईना, गाडी मुक्कामाला नेई. क्रँकशाफ्ट तुटलेले डिझेल जागीच उभे राहते. १९५४ मध्ये सांता फे रेल्वेने पीएच्या एका संचात चक्क प्रतिस्पर्ध्याचे ५६७ इंजिन बसवून पाहिले.

बाल्डविनची तऱ्हा वेगळी. प्रत्येक रेल्वेच्या फर्माइशीप्रमाणे लोको घडवण्याची तिची जुनी सवय. डिझेलला हवे होते एकसारखे नमुने आणि अदलाबदल करता येणारे सुटे भाग. तिचा थ्रॉटल हवेच्या दाबावर चाले, त्यामुळे इतर कंपन्यांची लोको जोडून एकाच चालकाला ती सगळी हाकता येत नसत. दोन इंजिनांचे ३००० अश्वशक्तीचे अजस्र ‘सेंटिपीड’ही दुरुस्तीखातेच ठरले.

आल्को मात्र शिकली. २४४ चे दोष काढून तिने २५१ इंजिन आणले, तोवर १९५४ उजाडले होते. गिऱ्हाईक जनरल मोटर्सकडे वळले होते आणि विद्युत सामग्री पुरवणारी जनरल इलेक्ट्रिक १९६० मध्ये स्वतःच स्पर्धेत उतरली.

त्या २५१ चे चीज भारतात झाले. १९५७ पासून हे इंजिन असलेले डब्ल्यूडीएम-१ लोको आले. १९६४ पासून वाराणसीत डब्ल्यूडीएम-२ बनू लागले. पुणे आणि कल्याणच्या शेडमध्येही याच घराण्याची लोको वर्षानुवर्षे सांभाळली गेली. म्हणजे आल्कोला चांगले इंजिन बनवता येत नव्हते, असे नाही. कारखान्यात व्हायची परीक्षा तिने गिऱ्हाइकाच्या रुळांवर घेतली, आणि तिथली नापसंती पुसून निघत नाही.