पर्शियन की सयामी? मांजर घेण्यापूर्वी आपला दिवस तपासा

मुस्लिम घरात मांजर नवीन नाही. मांजर अपवित्र नसून ते घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, या आशयाची हजरत अबू कतादा (रजि.) यांची हदीस सर्वांना ठाऊक आहे. परंतु गावठी मांजराऐवजी पैसे मोजून जातिवंत मांजर घेणारे व्यापारी बांधव आता ठिकठिकाणी दिसतात. अशा वेळी पर्शियन घ्यावे की सयामी, हा प्रश्न येतो. यंत्र घेताना आपण किंमतीबरोबर त्याचा चालू खर्चही पाहतो. तोच नियम येथे लावावा. मांजर बारा-पंधरा वर्षे जगते; खरेदीची रक्कम एकदाच जाते, जबाबदारी मात्र रोजची असते.

पर्शियन : हाताचे काम मागणारे

लांब केस, चपटे नाक आणि शांत स्वभाव ही पर्शियनची ओळख. ते फारसे ओरडत नाही, उड्या मारत नाही. घरात वृद्ध आईवडील असतील तर ते त्यांच्याजवळ निवांत बसून राहते. परंतु त्याच्या केसांतून रोज कंगवा फिरवावा लागतो. चार दिवस आळस केला तर केसांच्या गाठी होतात व त्याखालची कातडी दुखावते. डोळ्यांतून पाणी येते, तेही रोज पुसावे लागते. चपट्या नाकामुळे त्याला उष्मा सोसत नाही. मालेगाव, अकोला, नांदेड येथील उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्याला ठेवणे हा जुलूमच होय.

या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यामागील जनुकातील दोष २००४ साली सापडला व त्याची तपासणी करता येते. विक्रेत्याकडे पिलाच्या आईबापाच्या तपासणीचा दाखला मागावा. गोदामातील उंदीर पर्शियन मारील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

सयामी : सोबत मागणारे

सयामी मूळचे थायलंडचे, म्हणजे जुन्या सयामचे. पिलू जन्मतः पांढरे असते. शरीराचा जो भाग थंड राहतो, म्हणजे कान, तोंड, पाय व शेपूट, तो पुढे काळसर होतो. केस आखूड असल्याने आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला तरी पुरते आणि आपला उन्हाळाही त्याला त्या मानाने सोसतो. ते चपळ असते, शिकारही करते.

पण त्याला माणसांची सोबत लागते. ते मोठ्याने आणि वारंवार ओरडते. सकाळी नऊला घर बंद करून रात्री दहाला परतणाऱ्याच्या घरी ते कष्टी होते, वस्तूंची नासधूस करते, शेजाऱ्यांच्याही तक्रारी येतात. घरात मुले व माणसे सतत असतील तर मात्र ते सर्वांत मिसळून जाते.

कारागिरांनी विशेष लक्ष द्यावे

घर आणि कारखाना एकाच जागी असेल तर धोका दोन्ही जातींना आहे. शिलाईचा दोरा, जरीची तार, यंत्रमागाचे सूत मांजर खेळता खेळता गिळते. ते आतड्यात अडकले तर शस्त्रक्रियेची वेळ येते. तोंडातून अगर गुदद्वारातून दोरा दिसला तर ओढू नये, जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. फिनेल, टर्पेंटाईन, तीव्र अत्तरे व सुगंधी तेले मांजराला बाधतात, कारण त्यांतील कित्येक द्रव्ये त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. माणसाची पॅरासिटामॉल गोळी तर जीव घेते. उंदराचे विष आणि मांजर एका जागी ठेवू नये. विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर दगावू शकते.

सौदा करताना

दोन महिन्यांखालचे पिलू घेऊ नये. लसीकरणाची नोंद पाहावी. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी आवश्यक आहे, तिची चौकशी करावी. हनफी व शाफई मतानुसार मांजराची खरेदी-विक्री जायज आहे. तथापि सहीह मुस्लिममध्ये मांजराच्या किमतीबाबत मनाईची हदीस असल्याने काही उलेमा ती टाळण्यास सांगतात. शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, किंवा मांजर भेट म्हणून घ्यावे.

थोडक्यात, घरात रोज पाव तास देणारा हात आणि थंडावा असेल तर पर्शियन घ्यावे. घर दिवसभर माणसांनी भरलेले असेल तर सयामी. यांपैकी काहीच नसेल तर कोणतेच जातिवंत मांजर घेऊ नये. दुकानात येणाऱ्या गावठी मांजराला पाणी व घासभर अन्न ठेवावे. दुकानाची राखणही तेच अधिक चांगली करते.

मांजराला बांधून उपाशी ठेवणाऱ्या स्त्रीला त्यापायी शिक्षा झाल्याचे हदीसमध्ये आले आहे. मुक्या जिवाचाही हिशेब द्यावा लागणार, हे ध्यानात ठेवूनच हा सौदा करावा.