संगणकाचें पाणी व त्याच्या भांड्यांची धुलाई

संगणक चालूं लागला म्हणजे त्यांतील प्रोसेसर तापतो, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. बहुतेक घरगुती यंत्रांत ही उष्णता पंख्याच्या वाऱ्यानें घालविली जाते. परंतु काम मोठें असलें म्हणजे वारा पुरा पडत नाहीं व पाण्यास पाचारण करावें लागतें. सारख्याच आकारमानाची हवा व पाणी घेतलें, तर तितक्याच अंशांनीं तापतांना पाणी हवेच्या सुमारें ३,५०० पट उष्णता शोषून घेतें. मिनिटास एक लिटर पाणी फिरत असेल, तर २०० वॉट उष्णता सोडणाऱ्या प्रोसेसरवरून जातांना तें अवघें ३ अंश सेल्सिअस तापेल. (वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.) युक्ति नवी नव्हे, १९८० सालीं जाहीर झालेला आय. बी. एम. कंपनीचा ३०८१ हा संगणक पाण्यानेंच थंड ठेवीत असत. आतां हौशी तरुण सुटे भाग आणून घरींच ही जुळणी करूं लागले आहेत, आणि इतक्या किंमतीच्या यंत्रांत पाणी खेळणार हें ऐकून पालकांचा जीव खालींवर होतो.

प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा बसवितात. त्याच्या पोटांत तांब्याचे पातळ पापुद्रे उभे असून त्यांमधील फटी मिलिमीटरच्या कांहीं दशांशांइतक्याच अरुंद असतात. पंपानें ढकललेलें पाणी ह्याच फटींतून जावयाचें व रेडिएटरमध्यें जाऊन निवावयाचें. वाटेंत कोठेंहि कचरा असला, तर तो येथेंच अडकणार, आणि थंडाव्याची सर्वांत अधिक गरज जेथें, तेंच ठिकाण पाण्यास पारखें होणार.

नव्या कोऱ्या वस्तूंत कचरा कोठून, असें कोणी विचारील. उत्तर कल्हईवाल्यापाशीं आहे. तापलेल्या तांब्यावरील ऑक्साइडचा थर गेल्यावांचून कथील धरत नाहीं, म्हणून तो नवसागर टाकतो. रेडिएटरच्या नळ्यांना डाख देतांनाहि अशाच कामाचें द्रव्य लागतें. त्यास फ्लक्स म्हणतात. कल्हई झाल्यावर भांडें आपण धुतों. रेडिएटरचें आंतलें अंग मात्र कारखान्यांत नेहमींच नीट धुतलें जातें असें नाहीं. फ्लक्सचा अवशेष, डाखाचे कण, धातूचा कीस हीं सर्व आंत राहतात.

म्हणून रेडिएटर कढत, पण उकळतें नव्हे, अशा पाण्यानें अर्धा भरावा, तोंडें बुचांनीं बंद करावींत, आणि दोन-तीन मिनिटें खळखळवून पाणी पांढऱ्या भांड्यांत ओतावें. भांडें पांढरें असलें म्हणजे गाळ लपत नाहीं. कढत पाण्यानें आंत दाब वाढतो, यास्तव बूच मधून मधून सैल करावें. गाळ दिसेनासा होईपर्यंत हें पुनःपुन्हां करावें. पांच-सहा खेपा लागल्या तरी कंटाळूं नये. पहिल्या खेपांस नळाचें पाणी चालेल, शेवटच्या दोन-तीन मात्र ऊर्ध्वपातित पाण्याच्याच असाव्या, नाहींतर नळाचे क्षार आंत राहतील.

कित्येक जण पातळ केलेलें व्हिनेगर वापरतात. अम्लानें ऑक्साइड विरघळतो हें खरें. पण तेंच अम्ल फार वेळ राहिलें तर धातूसहि खातें, आणि निकेलचा मुलामा असलेल्या ठोकळ्यांत तें घालूंच नये. कढत पाण्यानें भागत असतां अम्लाच्या वाटेस कां जावें, असें मला वाटतें. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करणें तर प्राणावर बेतेल. त्यांतून क्लोरीन वायु सुटतो.

टांकी व ठोकळ्याचें झांकण पुष्कळदां ऍक्रिलिकचें असतें. त्यास स्पिरिट लावल्यास तडे जातात. कोमट पाणी पुरे. मऊ नळ्या कापल्यावर आंतून धुऊन घ्याव्या. एका नळींत तांब्याबरोबर ऍल्युमिनियमचा भाग मात्र कधींहि जोडूं नये. पाण्यांत दोन धातु मिळून व्होल्टाच्या विद्युत्घटासारखी क्रिया होते व ऍल्युमिनियम झिजत जातें.

सर्व जोडल्यावर संगणकाची वीज तोडून फक्त पंप चालवावा, सांध्यांखालीं कोरडा कागद पसरावा आणि एक अहोरात्र वाट पाहावी. कागदावर एक ठिपका जरी उमटला, तरी पंप थांबवून तो सांधा पुन्हां बसवावा, कागद बदलावा व चोवीस तास नव्यानें मोजावे.