मनोऱ्यामागचा मक्ता

जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॅनॉप्टिकॉन’ नामक वर्तुळाकार तुरुंगाच्या आराखड्याचा विषय निघाला, की मधोमध उभा असलेला मनोरा आणि त्यातील अदृश्य पहारेकरी यांचेच वर्णन होते. परंतु हा तुरुंग मक्त्याने चालवावा, मक्तेदाराने कैद्यांच्या श्रमांतून नफा मिळवावा आणि तो मक्ता खुद्द आपल्यालाच मिळावा, अशी त्या थोर पुरुषाची खटपट वीस वर्षे चालली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. मला विचाराल तर आजच्या पाळतीचे मर्म मनोऱ्यापेक्षा या मक्त्यात अधिक सापडते.

१९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्यापुढे आलेला प्रश्न अगदी निरुपद्रवी होता. वेबच्या मूळ रचनेत स्मरणाला जागाच नव्हती. एक पान पाहून दुसरे मागणारा मनुष्य सर्व्हरच्या लेखी नवखाच, त्यामुळे टोपलीत टाकलेला जिन्नस कोणाचा, हे पुढच्या पानावर कळत नसे. तेव्हा सर्व्हरने एक चिठ्ठी ग्राहकाच्याच ब्राउझरपाशी ठेवावी आणि ब्राउझरने ती प्रत्येक फेरीत परत दाखवावी, असा तोडगा त्याने काढला. हीच कुकी. प्रत्येकाला सर्वत्र चालणारा एकच क्रमांक देण्याचा सोपा मार्ग त्याने पाळतीच्या धास्तीनेच टाळला होता, हे त्याच्या पदरी बांधले पाहिजे.

परंतु पानावरील मजकूर एका सर्व्हरचा आणि जाहिरात दुसऱ्याच सर्व्हरची असू शकते; आणि ज्याची जाहिरात हजार पानांवर झळकते, त्याची एकच चिठ्ठी हजार ठिकाणी दाखवली जाऊन, एकाही दुकानाचे दप्तर न उघडता, साऱ्या बाजारातील आपल्या येण्याजाण्याची रोजनिशी त्याच्या हाती पडते. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी हे वेळीच ओळखले. फेब्रुवारी १९९७ च्या ज्या दस्तऐवजात अशा त्रयस्थ चिठ्ठ्या ब्राउझरने मुळातच नाकाराव्यात असे लिहिले होते, त्याच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः माँटुली होता! नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते मानले नाही. आणि त्याच वर्षीच्या जुलैत क्लिंटन सरकारने जाहीर केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यापारविषयक धोरणाचे पहिलेच तत्त्व असे होते, की पुढाकार खासगी क्षेत्राचा असावा. मक्ता लिहून द्यावा लागला नाही, तो आपोआपच मिळाला.

गूगलने २०२० मध्ये या चिठ्ठ्या दोन वर्षांच्या आत क्रोममधून हद्दपार करण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. बेंथमचा मक्ता मात्र ब्रिटिश सरकारने अखेर नामंजूर केला, आणि नुकसानभरपाई म्हणून १८१३ मध्ये त्याला २३,००० पौंड मोजले.